पलीकडच्या काठावरचं लग्न

“मुलीचे मामा! मुलीला घेऊन या!”

भटजींनी ओवरीतून हाक मारली. मी गौरीहराच्या खोलीच्या दारात उभा होतो आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. आत पाटावर माझी भाची वत्सला बसली होती. तेरा वर्षांची. अंगावर पिवळी साडी, कपाळाला मुंडावळ्या. मुठीतले तांदूळ ती अन्नपूर्णेच्या मूर्तीवर थोडे थोडे टाकत होती, टाकायला सांगितलं होतं म्हणून. लग्नातली पिवळी साडी मामाकडून यायची असते. ही साडीसुद्धा माझ्याच नावानं आली होती, फक्त ती घेतल्याचं मला कुणी कळवलं नव्हतं.

साडीचं सोडा, लग्नाचंही कळवलं नव्हतं. ‘पलीकडं देवाला जायचंय, तूही चल’ एवढाच निरोप दाजींकडून आला होता. नावेत चढलो तर सनई-चौघडेवाले आधीच बसलेले. देवाच्या दर्शनाला चौघडा कशाला, असं मी विचारलं, तेव्हा सगळे नदीकडे बघायला लागले.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, व्यंकटशेठ वेळापुरे. आम्ही कासार. दाजी तरुणपणी डोक्यावर पाटी घेऊन गावोगाव भांडी विकत, मोडीत निघालेली तांब्या-पितळेची भांडी घेऊन त्या बदली नवी देत. पहिल्या महायुद्धात पितळेला सोन्याचे दिवस आले. पलटणीच्या भांड्यांचा ठेका दाजींना मिळाला आणि पाटीचा कारखाना झाला. कष्ट केले माणसानं, ते मी नाकारत नाही. पण हातात कारखाना आला की डोक्यात म्युनिसिपालिटी येते. निवडणुकीला उभे राहिले तेव्हा ज्या ज्या घरात मत होतं त्या त्या घरी त्यांनी एकेक तांब्या पाठवला, त्यावर ठसठशीत नाव घालून. तेव्हापासून हिरडगावात कुणाच्याही घरी पाणी प्या, तोंडाशी दाजींचं नाव. दाजी म्युनिसिपालिटीचे प्रेसिडेंट झाले यात नवल काही नव्हतं.

मी त्यांच्या कारखान्यात पत्रव्यवहार बघायचो. मॅट्रिक झालेला घरातला मी एकटाच. दाजी प्रेसिडेंट झाले आणि पत्रांबरोबर त्यांची भाषणं लिहायचं कामही माझ्याकडे आलं. शारदा कायदा लागू झाला, चौदा वर्षांच्या आतल्या मुलीचं लग्न लावणं गुन्हा ठरला, तेव्हा आमच्या गावात कायद्याच्या बाजूनं जी जाहीर सभा झाली तिचे अध्यक्ष दाजीच होते. “ज्या धातूला नीट ताव बसला नाही त्यावर घाव घातला तर भांडं तडकतं, हे आम्हां कासारांना कळतं. मग पोटच्या पोरीच्या बाबतीत का कळू नये?” या वाक्याला टाळ्यांचा कडकडाट झाला होता. वाक्य माझं होतं. लिहिताना मला ते अगदी खरं वाटलं होतं.

आणि आता तेच दाजी फेटा बांधून नदीच्या पलीकडच्या देवळात लेकीचं लग्न लावत होते. आमच्याकडे कृष्णेच्या अलीकडे इंग्रजांचं राज्य आणि पलीकडे संस्थान. इंग्रजांचा कायदा पाण्यापर्यंत. नवरदेव संस्थानातले पितळी पत्र्याचे घाऊक व्यापारी, पहिली बायको वारलेली, पस्तिशी उलटलेली. आमच्या कारखान्याला पत्रा लागतो हे मी वेगळं सांगायला नको.

देवळात पोचल्यावर मी दाजींना बाजूला घेतलं होतं.

“दाजी, हे काय चालवलंय तुम्ही? पोर तेरा वर्षांची आहे.”

“हळू बोल नाऱ्या. पाव्हणं ऐकतील.”

“ऐकू देत! तुम्हीच भर सभेत सांगितलंत ना, की—”

“कायदा सरकारचा. सरकार नदीच्या त्या अंगाला. हितं कुठला आलाय शारदा कायदा? वकिलाला इचारूनच चाललोय मी.”

“आणि ते भाषण?”

“ते भाषण हुतं.”

“मी लिहिलेलं!”

“मग तुलाच म्हाईत असणार की, भाषण म्हंजे काय असतं ते.”

वर माझ्या खांद्यावर हात ठेवून हसले. “मोठं घर हाय. पोर सुखात ऱ्हाईल. तुझं काम एवढंच, भटजींनी हाक मारली की तिला उचलून मांडवात आणायची. मामाबिगर अक्षता पडत न्हाईत. तोंड पाडू नगंस.”

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. नाही म्हणून निघून जावं असं मनात आलं. पण मी गेलो असतो तर दाजींनी दुसरा मामा उभा केला असता. म्युनिसिपालिटीचा जकात कारकून वऱ्हाडात आलाच होता. ज्या माणसानं कलेक्टरला एक पत्र पाठवून म्युनिसिपालिटीवर आपले तीन सभासद नेमून घेतले, त्याला एक मामा नेमायला कितीसा वेळ लागणार?

म्हणून मी दारात उभा राहिलो होतो. काय करायचं ते मात्र सुचत नव्हतं.

“मामा,” वत्सला म्हणाली. तिच्या आवाजात रडणं नव्हतं. “सोमवारी परीक्षा आहे. तोवर मला सोडतील ना?”

ती इंग्रजी तिसरीत होती. गावच्या हायस्कुलात मुलांच्या वर्गात पहिल्या बाकावर बसणारी मुलगी. तिचं नाव शाळेत घातलं त्या दिवशी दाजींनी फोटोग्राफर बोलावला होता. मी अक्काकडे बघितलं.

अक्का, माझी बहीण, खोलीच्या मागच्या दाराशी तुळशीकडे तोंड करून बसली होती. लेकीच्या डोक्यावर अक्षता पडताना आईनं बघायचं नसतं, अशी आमच्यात रीत आहे. मंगलाष्टकं संपेपर्यंत आईनं मांडवाकडे पाठ करून तुळशीला पाणी घालत राहायचं. अक्काच्या हातात तांब्या होता. बावीस वर्षांच्या संसारात नवऱ्यासमोर एकदाही वर आवाज न काढलेली ही बाई.

“अक्का, तुला हे पटतंय?”

“मला कुणी इचारलंय?”

“मी विचारतोय.”

ती वळली नाही. तुळशीत पाण्याची धार धरून म्हणाली, “मी हितं पाठ करून बसलेय, नारू. मांडवात काय चाललंय ते मला दिसत न्हाई. तू तिला उचलून कुठं नेतोस, ते बी दिसायचं न्हाई.”

बाहेरून पुन्हा हाक आली. “मामा! मुहूर्त जवळ आला!”

मी आत गेलो आणि वत्सलाला उचललं.

ओवरीत अंतरपाट धरलेला होता. पलीकडे नवरदेव उभे, शेला सावरत. सगळ्यांच्या मुठीत अक्षता. घंगाळात मुहूर्ताची भोकाची वाटी तरंगत होती, पाणी भरून ती बुडाली की मुहूर्त. मी दिसल्याबरोबर सनई सुरू झाली. मी अंतरपाटाच्या अलीकडे आलो, भटजींनी पाट दाखवला, आणि मी पाटाला वळसा घालून सरळ ओवरीच्या पायऱ्या उतरलो.

देवळासमोरच घाट होता. मला वाटलं, चौथ्या पायरीवर कुणीतरी मानगूट धरणार. पण काय सांगू! कुणी हललंच नाही. मागून नवरदेवाच्या काकांचा आवाज आला, “मुलीकडची काही रीत असेल.” आणि आमच्याकडची एक म्हातारी दुसरीला म्हणाली, “नवऱ्याकडचं कायतरी असंल बाई. नदीची पूजा असती काहींच्यात.” लग्नात आपल्याला न कळणारं काही दिसलं की ते समोरच्यांचं समजायचं आणि गप्प बसायचं, हे आमच्या हाडीमाशी खिळलेलं. कुणी अज्ञान दाखवायला तयार नाही. वाजंत्रीवाल्यांना तर एवढंच ठाऊक, की नवरी चालली की मागून वाजवत जायचं. ते निघाले माझ्या मागून घाट उतरत, सनई फुंकत! वरून दोनचार जणांनी अक्षतासुद्धा टाकल्या.

“मामा, आपण कुठं चाललोय?” वत्सलानं कानात विचारलं.

“परीक्षेला.”

तिनं माझी मान घट्ट धरली.

वऱ्हाडाच्या दोन्ही नावा काठाला लावून नावाडी लग्न बघायला वर गेले होते. पाण्यात होती ती धोंडी अंबीची काहील. गुऱ्हाळावर रस आटवायची ती भलीमोठी लोखंडी कढई. हंगाम संपला की आमच्याकडे तीच नदीवर होडीचं काम करते. धोंडी बाजाराची माणसं ने-आण करत होता. मी वत्सलाला काहिलीत ठेवलं आणि मागोमाग उडी घेतली.

“आन् वऱ्हाड?” धोंडीनं विचारलं.

“मागून येतंय. तू सोड.”

“नवरा?”

“धोंडी, बाबा, सोड!”

त्यानं मुंडावळ्यांतल्या पोरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि वेळू रेटला. काहील गरगर फिरत मध्यावर गेली तेव्हा कुठे काठावर आरडाओरडा झाला. दाजी फेटा सुटलेल्या अवस्थेत घाटावर येऊन उभे राहिले आणि त्यांनी मला ज्या शिव्या घातल्या त्या एखाद्या अडत्यालाही शोभल्या नसत्या. माझ्या आईला, म्हणजे त्यांच्या सासूला, त्यांनी सोडलं नाही. वाजंत्रीवाले अजून वाजवत होते, त्यांना कुणी थांबवलंच नव्हतं. तेवढ्यात भटजी ओरडले, “बुडाली! वाटी बुडाली!” मुहूर्त टळला होता. नवरदेवाची माणसं मुठीतल्या अक्षता जमिनीवर टाकून निघून जाताना मला दिसली.

अलीकडच्या काठावर पाय ठेवला आणि समोर मामलेदार! त्या दिवशी आमच्या गावचा बाजार. शिवाय म्युनिसिपालिटीनं बांधलेल्या नव्या धक्क्याची ते पाहणी करत होते. बाजारातली माणसं भोवती जमलेली. लग्नाच्या साजातली पोर काहिलीतून उतरलेली सगळ्यांनी पाहिली.

“काय हो, हा काय प्रकार?” मामलेदारांनी विचारलं. “व्यंकटशेठांचीच मुलगी ना ही?”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात दाजींची नाव धक्क्याला लागली. रागानं लाल झालेले दाजी हात उगारून उतरले. त्यांना मामलेदार दिसले. गर्दी दिसली. तो हात, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, वरच्या वर वळून नमस्काराला जोडला गेला.

“मामलेदारसाहेब, काय सांगू तुम्हाला,” दाजी एकदम सभेतल्या भाषेत बोलायला लागले. “पाहुण्यांनी फार दबाव आणला. लग्न लावाच म्हणाले. मी म्हटलं, ज्या कायद्याला आम्ही सभेत पाठिंबा दिला तो नदी ओलांडली म्हणून मोडू? मेव्हण्याला सांगितलं, उचल पोरीला आणि ने आपल्या हद्दीत!”

गर्दीत कुणीतरी “वा शेठ!” म्हणालं. मामलेदारांनी दाजींचा हात हातात घेतला. ज्याला काठावर उभं करून लाज वाटायला लावावी, तो माणूस माझ्या डोळ्यांदेखत देवमाणूस झाला होता!

संध्याकाळी त्यांनी मला पेढीवर बोलावलं. दार लावून घेतलं.

“नाक कापलंस माझं. पत्र्याचा व्यापारी तोडलास. उद्यापासनं कारखान्याची पायरी चढायची न्हाई.”

“नाही चढत. पण उद्या मी बाजारात उभा राहून खरं काय ते सांगणार.”

दाजी समोर बसले, पानाचा डबा पुढे ओढला. सौदा करताना ते असेच पान लावायचे.

“काय पायजे तुला?”

“वत्सलाचं नाव शाळेतून काढायचं नाही. ती मॅट्रिक होईपर्यंत लग्नाचं नाव नाही.”

“आन् मग तू गप ऱ्हाशील?”

“राहीन.”

“गप ऱ्हाऊन भागायचं न्हाई,” दाजी म्हणाले. “कलेक्टर येणार हाय पुढल्या म्हैन्यात. मामलेदार म्हंतोय, सत्कार ठेवू. त्येचं भाषण तुलाच लिव्हाय लागंल.”

मी उठून जायला हवं होतं असं आज कुणी म्हणेल. म्हणू दे. मला पोर शाळेत हवी होती. मी भाषण लिहिलं. ‘पित्याच्या अंतःकरणात त्या क्षणी जो संग्राम झाला’ वगैरे सगळं लिहिलं. लिहिताना दौत भिंतीवर फेकून द्यावीशी वाटत होती.

सत्काराला टाऊन हॉल खच्चून भरला. मी व्यासपीठावर दाजींच्या मागेच बसलो होतो, वाचता वाचता ते अडले तर सांगायला. दाजी अडले नाहीत. “मी माझ्या मेव्हण्यास आज्ञा केली” या वाक्याला त्यांचा गळा दाटून आला. खरोखर दाटून आला! पुढच्या रांगेत दाजींच्या वकिलांनी उपरण्यानं डोळे टिपले. मला वाटलं, आता या माणसाचा स्वतःचाही यावर विश्वास बसलाय.

कलेक्टरसाहेब नवा होता, त्याचं मराठी नमस्कारापुढे गेलं नव्हतं. तो उठला, दाजींना हार घातला आणि इंग्रजीत म्हणाला की मुलीला वर बोलवा. वत्सला वर आली. परकर-पोलकं, दोन वेण्या. साहेबानं काही विचारलं. मामलेदारांनी ते मराठीत सांगितलं.

“बाळ, साहेब विचारतायत, वडिलांनी तुला त्या लग्नातून सोडवलं, तुला त्यांचा अभिमान वाटतो ना?”

हॉलभर कुजबूज चालली होती. तिचा आवाज आम्हां व्यासपीठावरच्यांनाच ऐकू आला.

“बाबांनी नाही सोडवलं. मामांनी उचलून आणलं. बाबा त्या काठावरून शिव्या देत होते.”

गेली शाळा, मला वाटलं. दाजींची मान ताठ झाली. मामलेदारांनी एकदा दाजींकडे पाहिलं, घसा खाकरला आणि साहेबाला इंग्रजीत सांगितलं, “ती म्हणते, तिला फार अभिमान वाटतो.”

साहेब हसून मान डोलवायला लागला. वत्सला मामलेदारांकडे बघत राहिली. तिसरीतली का असेना, तिला ते वाक्य कळलं होतं. ती साहेबाकडे वळली आणि शाळेत कविता म्हणतात तसे हात मागे बांधून, स्वच्छ मोठ्या आवाजात म्हणाली, “नो, सर. माय मामा ब्रॉट मी. माय फादर वॉज अँग्री. ही वॉन्टेड दि मॅरेज.”

इंग्रजी कळणारी माणसं हॉलमध्ये मोजकी, पण ती सगळी पुढच्याच रांगेत होती. वकिलांचं उपरणं डोळ्यांवरच राहिलं. साहेबाचं हसू मावळलं. त्यानं दाजींकडे पाहिलं, त्यांच्या गळ्यातल्या हाराकडे पाहिलं, तो हार त्यानं स्वतःच घातला होता. मी खुर्चीच्या काठावर आलो. आता तरी हा बोलेल, मला वाटलं. हा सरकार आहे. कायदा याचा आहे.

साहेबानं वत्सलाच्या डोक्यावर हात ठेवला. “व्हेरी गुड इंग्लिश!” तो म्हणाला. “एक्सलंट इंग्लिश!” आणि दाजींना बजावलं, की अशा हुशार मुलीला शाळेतून काढू नका, दर वर्षी मी हिची चौकशी करीन.

पहिली टाळी दाजींनी वाजवली. मग मामलेदारांनी. मग वकिलांनी. पुढे काय झालं ते न कळलेल्या मागच्या शेकडो माणसांनी मग हॉल डोक्यावर घेतला.

वत्सला पुढं मॅट्रिक झाली, बी. ए. झाली. साहेबाच्या त्या एका वाक्यामुळे दाजींना तिला हात लावता आला नाही, हेही खरं. दाजींना पुढच्याच वर्षी रावसाहेब ही पदवी मिळाली, समाजसुधारणेबद्दल. पण या सगळ्याला इतकी वर्षं झाली तरी मला राग येतो तो पदवीचा नाही.

टाळ्या चालू असतानाच पोर व्यासपीठावरच मागे माझ्या खुर्चीजवळ आली होती. चेहरा गोरामोरा झालेला.

“मामा, मी चुकीचं बोलले का? त्यांना कळलंच नाही.”

“बरोबर बोललीस,” मी म्हणालो. “सगळ्यांना कळलं.”

“मग?”

टाळ्या थांबेपर्यंत ती माझ्या तोंडाकडे बघत उभी होती.